स्पेस इन्व्हेडर्सचा पोर्ट, आपल्या ६० पिनच्या व्हिडिओ गेमवर : कामाच्या नोंदी

८ जून २०२४

सेट मिळाला एकदाचा. ठाण्यात कोपरीला टीव्ही रिपेअरिंगवाले एक काका आहेत, त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर नव्वदच्या दशकातला टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम पडून होता, ॲडॉप्टर आणि एक रिमोट धरून ६०० रुपयांत दिला. मी आधी ऑनलाइन मिळणारे नवे सेट बघत होतो पण काकांनीच अडवलं, "अरे नवीन घेऊ नकोस, त्यात सगळं एका काळ्या ठिपक्याखाली असतं, गेला की गेला. हा घे, यात सुटे आयसी आहेत, बिघडला तर घेऊन ये, बघू आपण." घरी येऊन खोलला तर खरंच आत यूएमसीचे दोन मोठे आयसी, यूए६५२७पी (सीपीयू) आणि यूए६५३८ (पीपीयू, म्हणजे चित्र काढणारा), बाजूला २ केबीच्या दोन रॅम. म्हणजे फॅमिकॉमची (निन्टेन्डोचा जपानी व्हिडिओ गेम) सरळ नक्कल, आपल्याकडे घराघरांत होती तीच.

काय करायचंय ते आधीच लिहून ठेवतो. ताइतोचा १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स, तोमोहिरो निशिकादो यांचा, तो या सेटवर कॅसेटमधून चालवायचा आणि चाल मूळ आर्केडच्या मशीनसारखी ठेवायची. ताइतोनं १९८५ ला स्वतः फॅमिकॉमवर आणला होता पण तो जपानच्या ६० हर्ट्झच्या सेटसाठी. आपले सेट ५० हर्ट्झचे, त्यामुळे त्यावर ६० हर्ट्झचा कुठलाही गेम सहाव्या हिश्शाने मंद चालतो, संगीतसुद्धा. लहानपणी आपण सगळे गेम असे मंदच खेळलो आणि आपल्याला ते कळलंही नाही. मला एकदा तरी आपल्याच सेटवर, आपल्याच टीव्हीवर, खऱ्या वेगाचा गेम बघायचाय.

चित्रं सगळी मी स्वतः काढणार, मूळ रॉममधला एकही बाइट घेणार नाही आणि कॅसेट विकणार पण नाही. मूळ मशीनच्या ८०८० प्रोसेसरच्या कोडचं लोकांनी ओळ न ओळ विश्लेषण करून ठेवलंय, नियम तिथून वाचून घेतोय. लिहायला सीए६५ असेम्बलर, चालवून बघायला मेसेन एम्युलेटर (पीसीवरच सेटची नक्कल करणारा प्रोग्रॅम).

१५ जून

आठवडाभर फक्त कागदावर काम. ज्यांना हेच करायचंय त्यांनी हा टप्पा गाळू नका.

मूळ मशीनचा पडदा उभा आहे, २२४ रुंद आणि २५६ उंच. आपला २५६ रुंद आणि २४० उंच. रुंदीत ३२ पिक्सेल उरतात, उंचीत १६ कमी पडतात. खालची क्रेडिटची ओळ काढून टाकली (नाणं टाकायचंच नाहीये) आणि स्कोअरच्या वरच्या दोन ओळींची एक केली, बसलं. उरलेले जीव डाव्या बाजूच्या मोकळ्या पट्टीत उभे लावले. एलियनपासून तोफेपर्यंतची उभी अंतरं मात्र एका पिक्सेलनेही बदललेली नाहीत, कारण खेळ तिथे आहे.

आता खरा प्रश्न. एलियन ५५, अकरा-अकराच्या पाच रांगा. एकाची रुंदी १२ पिक्सेलपर्यंत, म्हणजे प्रत्येकाला दोन स्प्राइट (पडद्यावर कुठेही ठेवता येणारी ८ पिक्सेल रुंद चित्रं), एका रांगेत २२. आपला पीपीयू एका आडव्या ओळीवर ८ च स्प्राइट दाखवतो. तेव्हा एलियन स्प्राइटने करायचा विषय तिथेच संपला, ते बॅकग्राउंडच्या टाइलनेच करावे लागणार आणि टाइल ८ बाय ८ च्या चौकटीत अडकलेल्या असतात. एलियन सरकतो २ पिक्सेलने.

साधा उपाय सगळ्यांना सुचतो तो, प्रत्येक एलियनची ०, २, ४, ६ पिक्सेल सरकवलेली चित्रं आधीच काढून कॅरेक्टर रॉममध्ये (कॅसेटमधली टाइलच्या चित्रांची चिप) ठेवायची. हे इथे चालत नाही. दोन एलियनच्या सुरुवातींमधलं अंतर १६ पिक्सेल. ६ पिक्सेल सरकलेला १२ रुंदीचा एलियन १८ पिक्सेलवर संपतो, म्हणजे तिसऱ्या टाइलमध्ये त्याचे २ पिक्सेल जातात आणि त्याच टाइलच्या शेवटच्या २ पिक्सेलमध्ये शेजाऱ्याची सुरुवात होते. एका टाइलमध्ये दोघं. त्यात डावा मेलाय की जिवंत, उजवा मेलाय की जिवंत, कोणाचा कुठला पाय वर आहे, शेजारी सरकलाय का नाही, सगळी कॉम्बिनेशन धरली तर टाइल संपतात. वर शेवटचा एकटा एलियन उजवीकडे जाताना मूळ गेममध्ये २ ऐवजी ३ पिक्सेल उडी मारतो, म्हणजे विषम जागा पण आल्या.

म्हणून ठरवलं, कॅरेक्टर रॉम नको, ८ केबीची कॅरेक्टर रॅम लावायची आणि एलियन चालू गेममध्येच टाइलमध्ये काढायचे. एका रांगेला २८ टाइल, पाच रांगांना १४०, बॅकग्राउंडला २५६ मिळतात, बसतंय.

२३ जून

रॅम संपली, कोड अर्धासुद्धा झालेला नाही.

हिशोब असा. सीपीयूची रॅम २०४८ बाइट. त्यातली झीरो पेज, स्टॅक आणि स्प्राइटची यादी अशी २५६ बाइटची तीन पानं गेली की १२८० उरतात. एलियनच्या १४० टाइलची प्रत रॅममध्ये ठेवायची तर ८ बाइटने ११२० (रंग एकच असल्यामुळे टाइलचा एकच थर लिहावा लागतो, नाहीतर दुप्पट). ढालींना २२४. झाले १३४४. म्हणजे स्कोअर, तोफ, गोळ्या यांचा एकही बाइट धरायच्या आधीच बाहेर.

ढालींचे २२४ का, तर मूळ गेममध्ये ढाल २२ पिक्सेल रुंद आणि मधली फट २३ ची, ४५ च्या पटीत, त्यामुळे चारातल्या दोन ढाली तीन टाइलमध्ये बसतात आणि दोन चार टाइलमध्ये पसरतात. सगळ्या ४८ वर सरकवल्या तर ३२ बाइट वाचतात. ते करून बघितलं आणि परत फिरवलं. फट मोठी झाली की ढालीच्या कडेला उभं राहून गोळी मारायची आणि परत आत यायचं ती सवय मोडते. ३२ बाइटसाठी ते नको.

त्याऐवजी एलियनची प्रतच काढून टाकली. कुठला एलियन कुठे आहे आणि जिवंत आहे का एवढं माहीत असलं की रांग कधीही नव्याने काढता येते. आता रॅममध्ये एकाच रांगेचा २२४ बाइटचा फळा आहे, ज्या रांगेतला एलियन हलला ती रांग पुसून नव्याने काढतो आणि सगळी पीपीयूला पाठवतो. सरकवलेली चित्रं मात्र प्रोग्रॅम रॉममध्ये आधीच तयार, तीन जाती, दोन पावलं, आठ जागा, तीन टाइल, एकूण ११५२ बाइट. ३२ केबीत तेवढी जागा मुबलक आहे.

मेसेनमध्ये पाल (युरोपातली ५० हर्ट्झची जात) निवडून चालवलं. लोण्यासारखं. ५५ एलियन हलतायत, मरतायत.

३० जून

वेगाचं काम. ही नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

स्पेस इन्व्हेडर्समध्ये एलियन कमी झाले की उरलेले पळायला लागतात हे सगळ्यांना माहितीये. त्यासाठी मूळ कोडमध्ये वेग वाढवणारं वेगळं असं काही नाही. मशीन एका फ्रेममध्ये एकच एलियन हलवतं, ५५ असतील तर प्रत्येकाची पाळी ५५ फ्रेमनी येते, १० उरले की १० फ्रेमनी, एकच उरला की दर फ्रेमला. २ मेगाहर्ट्झच्या ८०८० ला सगळे एकदम काढणं झेपत नव्हतं आणि त्यातूनच हा गेम जिवंत झाला. नंतरच्या बऱ्याच नकला सगळी फौज एकदम सरकवतात आणि वेग टायमरने वाढवतात. ते बघताना लगेच कळतं काहीतरी मेलंय. मूळ गेममध्ये रांग लाटेसारखी सरकते, खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होऊन वर जाते आणि खेळणारा नकळत त्या लाटेवर नेम धरतो.

म्हणजे फ्रेमचा वेग हाच गेमचा वेग. ६० ला पूर्ण फौज एका सेकंदाच्या आत सरकते, ५० ला १.१ सेकंद लागतो. इलाज सोपा आहे, दर पाचव्या फ्रेमला गेमचं पाऊल दोनदा टाकायचं, पाच फ्रेममध्ये सहा पावलं, झाले सेकंदाला ६०. चालू लावल्यावर गोळी किंचित हिसका खाते का हे बराच वेळ डोळे फाडून बघितलं, मला दिसत नाही. पुतण्याला न सांगता दोन्ही दिले, एक मंद आणि एक दुरुस्त, तो म्हणाला, "काका, दुसऱ्यात ते अंगावर येतात." बस, तेच हवं होतं.

१३ जुलै

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड केला. पाऊस धो धो, लोकल उशिरा, पण सामान मिळालं. ६२६४ स्टॅटिक रॅम ८० ला एक, दोन घेतल्या. एटी२८सी२५६ ईईप्रॉम ३५० ला एक, दोन घेतले. ईईप्रॉम लिहायचा प्रोग्रॅमर (यंत्र) मित्राकडून आणलाय, तो विकत घ्यायचा असेल तर खर्च बराच वाढतो हे धरून चाला.

दोन ईईप्रॉममधला एक खोटा निघाला. लिहिताना एरर येत नाही, परत वाचून ताडताना वरचा अर्धा भाग खालच्याची नक्कल दिसतो, म्हणजे आतला आयसी निम्म्या मापाचा आणि वरचं प्रिंट घासून नवीन मारलेलं. ॲसिटोन लावलेला कापूस फिरवला की अक्षरं पुसली जातात, दुसऱ्याची जात नाहीत. दुकानदाराने बदलून दिला नाही. यापुढे घेताना ॲसिटोनची छोटी बाटली खिशात ठेवून जाणार, तुम्ही पण ठेवा.

२० जुलै

बोर्ड आले. पाच नग, कुरिअर धरून १४०० च्या आसपास. फॅमिकॉमच्या कनेक्टरची पिच २.५४ मिमी आहे, साधीच, ड्रॉइंग करायला त्रास नाही. जाडी मात्र बघा. बोर्ड बनवणारे काही सांगितलं नाही तर १.६ मिमी देतात. जुन्या कॅसेटचा बोर्ड कॅलिपरने मोजला तर १.२ च्या आसपास भरला. १.६ वाला स्लॉटमध्ये जातो पण जोर लावून, आणि जुन्या स्लॉटच्या पत्र्या वाकल्या तर सेट गेला. सोन्याच्या पट्ट्यांमागचा भाग बारीक पॉलिश पेपरने घासून बघितला, पण पट्ट्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे घासायला जागाच नाही. शेवटी जाडी सांगून परत ऑर्डर केली. म्हणजे तेवढेच पैसे परत आणि वर वाट बघणं.

दरम्यान एक जुनी 'सगळे गेम एकात' वाली कॅसेट भंगारात मिळाली, २० रुपये. तिच्या बोर्डाचा पिनांकडचा तुकडा कापून झीरो बोर्डला (भोकाभोकांचा कोरा बोर्ड) वायरींनी जोडला. दिसायला भयंकर, पण चाचणीला चालेल.

जोडणीतलं जे मला वेळ घालवून कळलं ते इथे टाकतो, सलग वाचा. ईईप्रॉमची राइट पिन थेट ५ व्होल्टला बांधा, मोकळी सोडली तर चालू असताना आतला डेटा बिघडू शकतो. प्रोग्रॅमची चिप सिलेक्ट ४४ नंबरच्या पिनवरून घ्यायची. ६२६४ ची आउटपुट एनेबल १७ वर, राइट ४७ वर, आणि एक चिप सिलेक्ट ५६ वरच्या पीपीयू ए१३ ला, दुसरी ५ व्होल्टला. सेटमधली व्हिडिओ रॅम चालू राहायला ४८ आणि ४९ एकमेकांना जोडायच्या, हे विसरलं तर पडदाभर कचरा दिसतो. १८ नंबर पीपीयू ए१० ला.

२७ जुलै

पहिल्यांदा खऱ्या सेटवर. काकांच्या दुकानात, त्यांच्या १४ इंची सीआरटीवर लावला. चित्र आलं! पण दोन गोष्टी. आवाज अजिबात नाही. आणि चित्र वरच्या बाजूला थरथरतंय, दर थोड्या वेळाने अख्खा पडदा उडी मारतोय.

आवाजाचं तासाभरात सुटलं. फॅमिकॉममध्ये सीपीयूचा आवाज ४५ नंबरच्या पिनवरून कॅसेटमध्ये जातो आणि ४६ वरून परत येतो, कॅसेटला स्वतःचा आवाज मिसळता यावा म्हणून. कॅसेटमध्ये काही मिसळायचं नसेल तर ४५ आणि ४६ मध्ये तार टाकावी लागते. काकांनी सोल्डरिंग आयर्न हातात दिलं, तार टाकली, आणि ढम ढम ढम ढम सुरू. दुकानाबाहेर रिक्षाची वाट बघणारे दोघं आत डोकावले.

थरथर मात्र गेली नाही. मेसेनमध्ये तेच रॉम स्वच्छ, इथे थरथर.

४ ऑगस्ट

थरथरीचं कारण सापडलं, आणि आपल्याकडच्या सेटसाठी काही लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे माहिती हवं.

मी एम्युलेटरमध्ये पाल निवडत होतो. आपला सेट ५० हर्ट्झ आहे, ३१२ ओळी आहेत, पण तो युरोपातल्या पाल निन्टेन्डोसारखा नाही. तिथे चित्र संपल्यावर ७० ओळींचा व्हीब्लँक (पीपीयू चित्र काढत नाही तो वेळ) मिळतो, सीपीयूच्या ७४५९ सायकल, आरामात हवं ते लिहा. यूएमसीच्या या चिपा जपानी गेम जास्तीत जास्त जसेच्या तसे चालावेत अशा बनवल्यायत. चित्र संपल्यावर ५१ ओळी पीपीयू नुसता बसून राहतो, एनएमआय (आता लिहा असा सीपीयूला इशारा) येतच नाही, मग शेवटच्या २० ओळींसाठी येतो. हातात २२७३ सायकल, जपानी सेटइतक्याच. रशियात हीच जात डेंडी नावाने विकली गेली म्हणून एम्युलेटरमध्ये त्या सेटिंगचं नाव डेंडी आहे. मेसेनमध्ये डेंडी निवडलं आणि पहिल्याच मिनिटात तीच थरथर दिसली.

हिशोब लावला तर उघडंच आहे. स्प्राइटची यादी पीपीयूला पाठवायला (डीएमए) ५१३ सायकल. रांगेचे २२४ बाइट, एकाला ८ सायकल, १७९२. बेरीज २३०५. २२७३ मध्ये २३०५ बसत नाहीत, वर पत्ते लावणं आणि बाकीचं वेगळं. शेवटचे बाइट पीपीयूने चित्र काढायला घेतल्यावर जातात आणि पत्ते लावायच्या २००६ रजिस्टरला तेव्हा हात लावला की स्क्रोल विस्कटतो, म्हणून वरून थरथर. आणि दर पाचव्या फ्रेमला तर दोन पावलं, म्हणजे दोन रांगा, म्हणून ती उडी.

खात्रीसाठी छोटा चाचणी रॉम लिहिला, दोन एनएमआयमधल्या सायकल मोजतो. डेंडी जातीच्या सेटवर ३५४६४ यायला हवेत, खऱ्या पालवर ३३२४७, जपानीवर २९७८०. माझ्या सेटवर ३५४६४ च्या आसपास आले. तुमच्याकडे जो सेट असेल त्यावर आधी हे मोजा, मग एक ओळ लिहा.

१५ ऑगस्ट

सुट्टी, दिवसभर बसलो आणि पाठवायचा भाग पूर्ण नव्याने लिहिला.

अख्खी रांग पाठवायची गरजच नाही. एका पावलाला एकच एलियन हलतो, तो आधी ज्या टाइलमध्ये होता आणि आता ज्या टाइलमध्ये आहे त्या धरून जास्तीत जास्त चार टाइल बदलतात. प्रत्येक टाइलला फार तर दोन एलियन लागतात, दोघांना एकत्र काढायचं आणि तेवढे ३२ बाइट पाठवायचे. दोन पावलांच्या फ्रेमला ६४, म्हणजे ५१२ सायकल. डीएमए धरून हजारभर. ढालीला गोळी लागली तर अजून दोन-तीन टाइल, स्कोअर बदलला तर सहा बाइट, सगळं मावतं आणि बरंच उरतं. रांगेचा २२४ बाइटचा फळासुद्धा गेला.

अडलं ते काठावर पोचल्यावर. फौज काठाला लागली की प्रत्येक एलियन आपापल्या पाळीला ८ पिक्सेल खाली येतो, त्यामुळे लाट मध्यावर असताना अर्धी रांग खाली आणि अर्धी वर असते. जिथे ती तुटते तिथली टाइल दोघांची, एकाचे २ पिक्सेल खालच्या ओळीत हवेत, दुसऱ्याचे वरच्या. एक टाइल दोन चित्रं दाखवू शकत नाही. याने मला बरंच झुंजवलं. वर-खाली मिळून दुप्पट टाइल ठेवायच्या तर २८० लागतात, २५६ च्या बाहेर. मग रात्री लक्षात आलं की पूर्ण फौजेत अशी तुटण्याची जागा एका वेळी एकच असते, कारण पाळी एका क्रमाने फिरते. मग फक्त एक जादा टाइल राखून ठेवायची, सांध्याची टाइल, आणि लाट पुढे गेली की ती पण पुढच्या सांध्याला वापरायची. एका टाइलमध्ये काम झालं.

डेंडी सेटिंगमध्ये स्वच्छ. संध्याकाळी काकांकडे स्वच्छ.

२४ ऑगस्ट

आवाज आणि रंग.

मूळ मशीनमध्ये आवाजाची चिप म्हणावी अशी उडत्या तबकडीसाठी एकच होती, एसएन७६४७७, बाकी सगळे आवाज सुट्या भागांच्या सर्किटमधून. चार सुरांची पावलं मी ट्रँगल चॅनेलवर घेतली, खर्जाला तोच बरा. स्फोट आणि गोळी नॉइजवर. पावलांचा वेग उरलेल्या एलियनच्या संख्येवरून एका टेबलातून येतो, तो एलियनच्या वेगाशी जवळपास जुळतो पण अगदी एक नाही, आणि त्या किंचित फरकामुळेच ताण चढतो, म्हणून टेबल वेगळंच ठेवलं.

तबकडीचा आवाज स्क्वेअर चॅनेलवर काढला तर मेसेनमध्ये छान आणि खऱ्या सेटवर वेगळाच, भरीव ऐकू येत होता. यूए६५२७पी मध्ये २५ टक्के आणि ५० टक्के ड्यूटी (स्क्वेअर लाटेचा किती भाग चालू ते) एकमेकांच्या जागी आहेत. जुने गेम आपल्याकडे थोडे वेगळे ऐकू यायचे त्याचं हे पण एक कारण. आता सुरुवातीला सायकल मोजून सेट कुठल्या जातीचा ते ठरवतो आणि डेंडी जात निघाली तर ड्यूटी उलटी लावतो. पाचाला सहा पावलं टाकायचं पण त्याच मोजणीवर, जपानी सेट असेल तर पाचाला पाचच. एकच कॅसेट दोन्हीकडे चालेल.

रंग मूळ मशीनला नव्हतेच, काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगीत जिलेटीन चिकटवलेलं असायचं, खाली हिरवा पट्टा, वर तबकडीच्या जागी लालसर. आपल्या पीपीयूला रंग १६ बाय १६ च्या चौकोनात द्यावे लागतात, एरवी त्याचा वैताग येतो पण आडवे पट्टे द्यायला तेच सोयीचं पडलं. गोळी स्प्राइट आहे, तिला चौकोनांचा नियम नाही, म्हणून ती हिरव्या पट्ट्यात शिरली की तिचा पॅलेट बदलतो. पांढरी गोळी खाली येताना हिरवी होते तेव्हा अंगावर काटा येतो, अगदी तसंच दिसतं.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले, आज दीड दिवसाचं विसर्जन. पाहुणे सगळे घरी होते, मासुंदा तलावावर निघायच्या आधी कॅसेट लावली. नवा १.२ चा बोर्ड अलगद बसला.

मामा आर्केडवर खेळलेले आहेत, पार्लरमध्ये नाणी घालून. त्यांनी रिमोट हातात घेतला आणि गोळ्या मोजायला लागले. बाविसावी झाली, थांबले, तबकडी आली, तेविसावी मारली, ३०० पॉइंट. "अरे, हे पण ठेवलंयस तू!" ठेवलंय मामा. तेविसाव्या गोळीला ३००, नंतर दर पंधराव्या. मूळ टेबलात सोळा आकडे आहेत आणि कोड पंधरानंतरच पहिल्यावर परततो, म्हणून ते चक्र पंधराचं, मी पण तसंच लिहिलंय. तबकडी डावीकडून येणार का उजवीकडून हे पण गोळ्यांच्या सम-विषमवर आहे. आणि फौज अगदी खालच्या ओळीत आली की तिच्या गोळ्या तोफेच्या खालून सुरू होतात, लागत नाहीत, जपानमध्ये लोकांनी त्यावर नागोया नावाची खेळीच बसवली होती, ती पण चालते. या गोष्टी काढल्या तर काहीच बिघडणार नाही असं वाटतं, पण ज्याने खेळलाय त्याचा हात त्या शोधतो.

पुतण्याने रिमोटवरचं टर्बो बटण दाबून धरलं. उपयोग नाही, आपली गोळी पडद्यावर एका वेळी एकच, ती लागेपर्यंत किंवा वर जाईपर्यंत दुसरी सुटत नाही.

१४ सप्टेंबर

राहिलेलं. एलियन ढालींपर्यंत खाली उतरले की मूळ गेममध्ये जेवढा भाग अंगाखाली येतो तेवढाच खोडला जातो. माझ्याकडे एका जागी एकच टाइल दिसते म्हणून ढालीची अख्खी टाइल जाते, जरा जास्तच खाल्ली जाते. ढालीच्या ओळीत आलेल्या एलियनला ढालीच्याच टाइलमध्ये काढता येईल असं वाटतंय, पुढच्या आठवड्यात तेच.

दोन जणांचा आळीपाळीचा खेळ अजून नाही. त्यासाठी दुसऱ्याच्या ढाली साठवायला २२४ बाइट लागतील, प्रत आणि फळा दोन्ही काढल्यामुळे रॅम आता मोकळी आहे, तेव्हा होईल.

एलसीडी टीव्हीवर लावणार असाल तर दोन टीव्ही बघून घ्या. एका टीव्हीने चित्र स्वच्छ दाखवलं, दुसऱ्याने २४० ओळींना इंटरलेस समजून हलणाऱ्या गोळ्यांना कंगव्यासारखे दाते काढले, त्यात कॅसेटचा दोष नाही. सीआरटीवर ५० हर्ट्झला सगळ्या २४० ओळी दिसतात, वर-खाली काही कापलं जात नाही.

खर्च आत्तापर्यंत : सेट ६००, ईईप्रॉम दोन ७०० (एक वाया), रॅम १६०, बोर्ड दोनदा मिळून २८००, भंगारातली कॅसेट २०, सेटमधले कपॅसिटर आणि स्लॉट साफ करायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळून २५० च्या आसपास. जाडी पहिल्याच ऑर्डरला १.२ सांगितली आणि ईईप्रॉम तपासून घेतला तर यातले १७५० वाचतात. माझ्याकडे १.२ चे चार कोरे बोर्ड उरलेत.